खाडीवरचीला आधी हाक

समोरच्या दाराबाहेर चपलांचे दोन जोड असतात. एक पुरुषाचा, एक बाईचा. कामावरून तीन जिने चढून आलो की मी आधी ते जोड बघतो आणि मग खिशात किल्ली शोधतो. बाईचा जोड जागेवर नसला की मला बरं वाटतं. वाटू नये, पण वाटतं. ती खाली भाजी आणायला गेली असणार, म्हणजे तो आत एकटा आहे. अर्धा तास का होईना, तो माझ्यासारखा.

मी सुतार. रत्नागिरी जिल्ह्यातला. शाळा चौथीपर्यंत. बहरीनला येऊन तेहतीस वर्षं झाली, सगळी एकाच मालकाकडे, नईम भागात. साठीनंतर इथे माणसाला सहसा ठेवत नाहीत, पण जुन्या घरांची नक्षीची दारं दुरुस्त करायला मालकाकडे दुसरं कोणी नाही. म्हणून दर वेळी माझा विझा वाढतो. गुदैबियात जुन्या इमारतीत राहतो. खाली केरळवाल्याची खानावळ, शेजारी किराणा, सगळं चालत्या अंतरावर. तक्रार नाही.

बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. सकाळी पाण्याची कळशी ठेवून ओटीवर बसली ती उठलीच नाही. मी पोचलो तेव्हा अस्थीसुद्धा सावडून झाल्या होत्या. मूल नव्हतं. दोन वर्षांत दोन महिने घरी जाणाऱ्या माणसाला मूल होतं असंही आहे, नाही होत असंही आहे. आम्हाला नाही झालं.

ती गेली आणि दोन महिन्यांनी समोरच्या फ्लॅटमध्ये हे जोडपं आलं. तो पन्नाशीचा, एका मोठ्या हॉटेलात बेकरी सांभाळतो. पहिल्याच दिवशी जिन्यात त्याने हात जोडले.

"नमस्कार. आपण महाराष्ट्रातून आला आहात काय?"

मला वाटलं, कोणी टीव्हीवरच्या बातम्या देतोय. मी म्हटलं, "हो. तुम्ही कुठले?"

"मी मॉरिशसचा आहे. परंतु आम्ही मराठी आहोत."

मॉरिशस मला माहीत होतं ते जोडप्यांनी लग्नानंतर फिरायला जायचं ठिकाण म्हणून. तिथे मराठी माणूस राहतो हे माझ्या खोलीतल्या सरांनी सांगितलं. सर म्हणजे मास्तर नाहीत, एका कंपनीत नकाशे काढतात. लातूरकडचे, बौद्ध समाजाचे. शुक्रवारी त्यांच्या लोकांची वंदना झाली की पोरांना मराठी शिकवतात, म्हणून सगळे सर म्हणतात. आम्ही दोघं सात वर्षं एका खोलीत आहोत. त्यांना पुस्तकांचा नाद आहे आणि मला ऐकून घ्यायची सवय.

"मिस्त्री," सर म्हणाले, "ह्याचे खापरपणजोबा तुमच्याच जिल्ह्यातले. जहाजाने नेले होते, उसाच्या मळ्यावर."

"मग काय झालं? मला विमानाने आणलं, लाकडाच्या मळ्यावर."

"तुम्ही हसताय, पण फार वाईट होतं ते. गुलामी कायद्याने बंद झाली, मळेवाल्यांना हात कमी पडायला लागले. मग आपली माणसं करार करून नेली. पाच वर्षांचा करार. कागदावर अंगठा. आत काय लिहिलंय ते कुणाला वाचता यायचं?"

"माझा करार अरबीत होता."

सर उठून चहा ठेवायला गेले. असं बोलून मी त्यांना पुष्कळदा गप्प करतो. बोलून झाल्यावर मला जरा बरं वाटतं आणि मग वाटत नाही.

पुढे ओळख वाढली. मॉरिशसवाल्याची बायको शुक्रवारी काहीतरी गोड करून वाटीतून आणून द्यायची. ती मराठी कमी बोलायची, पण "काका, घ्या" एवढं नीट म्हणायची. मी घ्यायचो. वाटी धुऊन परत करायचो. वाटी परत करताना उघड्या दारातून आत दिसायचं. दोन खुर्च्या, दोन कप, वाळत घातलेली साडी. घरात शिरायचं मी टाळायचो. आत पाय टाकला की नाकाला तो वास यायचा, बाई असलेल्या घराचा. तेलाचा, ओल्या केसांचा, फोडणीचा. तेहतीस वर्षं मी पुरुषांच्या खोल्यांत राहिलो आहे. तिथे डेटॉलचा आणि मोज्यांचा वास असतो.

बायकोला मी इथे आणणार होतो. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पहिली पंधरा वर्षं पगार बसत नव्हता. इथे बायकोला आणायचं तर पगाराची एक पायरी लागते, सुतार त्या पायरीच्या खाली. पुढे मालकाने पगार वाढवला आणि म्हणाला, आण तिला, फिरायच्या विझावर आण, मी सही करतो. मी खुश होऊन सुटीवर गेलो, तिचा पासपोर्ट काढायला. तिथे गाडं अडलं. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. मीही लिहिलं. नाव मीच निवडलं होतं, मला आवडायचं म्हणून. रात्री तिने विचारलं होतं, "माझं आधीचं वाईट होतं काय?" मी म्हटलं, "रीत आहे." तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशन कार्डावर माझं ठेवलेलं नाव, आणि लग्नाची नोंद कुठेच नाही. पासपोर्टच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "आजोबा, हे दोन बायकांचे कागद आहेत." तेव्हा मी आजोबा नव्हतो. पंचेचाळीसचा होतो.

प्रतिज्ञापत्र करा, सरकारी गॅझेटमध्ये छापून आणा, लग्न नोंदवा, असं बरंच सांगितलं त्याने. मी म्हटलं, पुढच्या सुटीत. पुढच्या सुटीत घराचे वासे बदलायचे निघाले. त्याच्या पुढच्या सुटीत आई अंथरुणाला खिळली ती आठ वर्षं. मग करोना. मग तीच म्हणाली, "आता कशाला? माझे गुडघे जिना चढत नाहीत." मी मूठभर तांदळात एक नाव लिहिलं आणि ते कुठल्याही कागदाला पटवून देऊ शकलो नाही. एवढीच गोष्ट आहे.

तर एका शुक्रवारी सकाळी मी दाराशी बसून करवतीला धार लावत होतो. समोरचं दार अर्धवट उघडं होतं. मॉरिशसवाल्याच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस होता, त्यांनी देवापुढे नारळ ठेवला होता. आणि तो गाऱ्हाणं घालायला लागला. कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर, आमच्याकडे कुठल्याही कामाआधी गावातल्या सगळ्या देवांना एकेक करून हाका मारतात आणि मागणं मागतात, आणि बाकीचे लोक "होय म्हाराजा" म्हणतात. एरवी पुस्तकासारखं बोलणारा माणूस एकदम आमच्या आजोबांसारखा बोलायला लागला.

"बा देवा म्हाराजा! खाडीवरचे आये, हाक ऐक."

"होय म्हाराजा," बायको म्हणाली.

"गावदेवी, हाक ऐक. सड्यावरल्या म्हाराजा, हाक ऐक. वेशीवरल्या राखण्या, हाक ऐक."

करवत माझ्या मांडीवर तशीच राहिली.

सगळीकडे आधी गावदेवीला हाक मारतात. मग बाकीचे. माझ्या गावात तसंच, शेजारच्या गावात तसंच. एक गाव मला माहीत आहे जिथे खाडीवरची आधी येते, कारण ती थोरली बहीण आणि गावदेवी धाकटी. थोरली ताटावर बसल्याशिवाय धाकटी जेवत नाही, असं तिथे म्हणतात. ते माझ्या बायकोचं माहेर. लग्नाच्या पहिल्या वर्षी गणपतीत आमच्या घरी गाऱ्हाणं चाललं होतं, तेव्हा ती डोक्यावर पदर घेऊन माझ्या मागे उभी होती आणि बाबांनी गावदेवीला हाक मारायच्या आधी ती तोंडातल्या तोंडात खाडीवरचीला मारून मोकळी झाली. मी मान वळवून बघितलं. ती म्हणाली, "सासूबाईंना सांगू नका हां." मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हतो. आणि आता हा मॉरिशसचा बेकरीवाला, दार उघडं टाकून, तेच.

मला आनंद व्हायला हवा होता. सरांना झाला असता. मला झालं ते असं: कोणीतरी माझ्या पेटीत हात घातला.

दोन आठवड्यांनी मॉरिशसवाला एक कागद घेऊन आला. सर चहा करत होते. कागद म्हणजे मॉरिशसच्या सरकारी दप्तरातल्या नोंदीची नक्कल. मळ्यावर येणाऱ्या प्रत्येकाचं तिथे लिहून ठेवत. सरांनी इंग्रजी वाचून दाखवलं. खापरपणजीचं नाव, तिच्या बापाचं नाव, गाव, वय, उंची, आणि उजव्या मनगटावर गोंदण.

"हे बघा मिस्त्री, गोंदण कुठल्या हातावर तेसुद्धा लिहिलंय," सर म्हणाले. "जनावराची खूण लिहावी तसं."

मला तसं नाही वाटलं. मला वाटलं, हिला एका माणसाने समोर उभं करून विचारलं, बाई तुझं नाव काय, आणि तिने सांगितलं ते त्याने लिहिलं. सासरचं की माहेरचं, दाखला आहे का, असं नाही विचारलं. ती गेली नवऱ्याबरोबर. आणि तिच्या पणतूचा मुलगा माझ्यापुढे बसून चहात बिस्कीट बुडवतोय.

"गावाचं नाव आहे, परंतु तालुका लिहिलेला नाही," तो म्हणाला. "मी शोध घेतला. आपल्या जिल्ह्यात या नावाची तीन गावे आहेत."

तीन आहेत, खरं आहे. तिन्ही खाडीकाठची. आमच्याकडे खाड्यांना तोटा नाही.

"मला बारा दिवसांची रजा मिळाली आहे. माझी आई ऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते, आपण जिला पहिली हाक मारतो, तिचे तोंड पाहून ये. मी मरण्याआधी मला सांग ती कशी दिसते. काका, तुम्ही त्या भागातले आहात. तीनपैकी कोणते असेल?"

सर माझ्याकडे बघत होते. तोही बघत होता. मी बिस्कीट खाल्लं.

"दक्षिणेकडचं असेल," मी म्हटलं. "तिकडून पुष्कळ लोक बाहेर गेले."

त्याने लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. माझा हात धरून म्हणाला, "काका, आपले उपकार." मी हात काढून घेतला आणि कप धुवायला गेलो.

का केलं असं? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मला नक्की कुठे माहीत आहे. पण मला नक्की माहीत होतं. खरं कारण वेगळं होतं. बायको मेली की जावयाचं सासर संपतं. दहाव्यानंतर तिच्या भावांचा एकदा फोन आला, मग दिवाळीला आला, मग नाही. त्यांचंही चुकलं नाही, मी तरी कुठे केला. पण हा गेला तर? हा रक्ताचा. हा तिथला मुलगा लागतो, माझ्या बायकोचा कुणीतरी भाऊ लागतो. माझ्याआधीचा. त्याला ते ओटीवर बसवतील, पाणी देतील, जुन्या बायका त्याच्या तोंडावरून हात फिरवतील. मी त्या गावात तेहतीस वर्षांत मोजून दहा-बारा वेळा गेलो असेन. ते गाव माझ्याकडे होतं तेवढंच होतं, आणि त्यात वाटेकरी नको होता.

एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या मराठी लोकांनी एका शाळेचा हॉल घेतला. सकाळी नाश्ता, पोरांची गाणी, मग सरांचं भाषण. विषय होता मळ्यावरची माणसं आणि त्यांच्यावरून झालेले वाद. मॉरिशसवाला पहिल्या रांगेत बायकोबरोबर. मी मागे, पंख्याखाली.

सर चांगलं बोलतात. म्हणाले, ह्या मजुरांना न्यावं की नाही यावरून साता समुद्रापार मोठमोठी माणसं भांडली. एक म्हणे, ही नव्या नावाची गुलामीच आहे, बंद करा. दुसरा म्हणे, गरिबाला पोट भरायला जाऊ द्या, तुम्ही कोण अडवणारे. मळेवाला म्हणे, माणसं द्या नाहीतर ऊस शेतात वाळेल. एकदा बंदी घातली, काही वर्षांनी उठवली, मग नियम केले. जहाजावर डॉक्टर पाहिजे. अमुक पुरुषांमागे अमुक बायका असल्याशिवाय जहाज सोडायचं नाही. आणि तिकडे पोचल्यावर पास जवळ नसला तर धरून कोंडायचे. दुसऱ्या देशांनी तर पुढे दारंच लावून घेतली, काळ्या माणसाने यायचं नाही म्हणून. सर म्हणाले, "त्यातल्या पुष्कळांना आपल्याच गावात विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. जहाजावर सगळे एका पिंपातलं प्याले. म्हणून मी त्या प्रवासाला नुसता शाप म्हणत नाही. पण करार होता तो फसवणुकीचा. बंदीची मागणी करणारे बरोबर होते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी म्हणालं, "प्रश्न विचारा कुणाला विचारायचे असतील तर."

मी उभा राहिलो. मी कधी सभेत बोललेलो नाही.

"सर, जहाजात बायका मोजायचे म्हणालात."

"हो मिस्त्री. नियमच होता."

"कोण मोजायचं?"

"सरकारी अधिकारी. बंदरावर."

"आमच्या विमानात कोण मोजतं?"

हॉलमध्ये दोघं-चौघं हसले. सरही हसायला लागले होते, माझं तोंड बघून थांबले.

"माझ्या विमानात एकशेऐंशी माणसं होती. त्यात बायको बरोबर असलेला एक होता, तो मॅनेजर. मला कोणी अडवलं नाही, माझ्यावरून कुठल्या सभेत कोणी भांडलं नाही. बंदी घाला म्हणणारा नाही, नियम करा म्हणणारा नाही. पास आमच्याकडेही आहे, सीपीआर कार्ड. ते नसलं तर आम्हालाही धरतात. बाकीचं नाही. तुम्ही त्यांची दया करताय. करा. मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांनी ऊस तोडला, मार खाल्ला, आणि संध्याकाळी बायकोच्या हातचं खाल्लं. मी मार खाल्ला नाही. मी मालकाच्या मुलीच्या लग्नाचा पलंग केला, चार महिने नक्षी कोरली, आणि मला बक्षीस म्हणून घड्याळ मिळालं."

मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "काका, खलास, बसा आता. पोहे गार होताहेत."

"पोहे खा तू," मी म्हटलं, आणि बाहेर आलो.

शाळेच्या आवारात एक बदामाचं झाड आहे. त्याच्या सावलीत उभा होतो. मॉरिशसवाला पाठोपाठ आला. मला वाटलं आता समजूत घालणार. माणसं समजूत घालायला लागली की मला त्यांचं थोबाड फोडावंसं वाटतं. पण त्याने तसं काही केलं नाही. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"काका, काकूंचे नाव काय होते?"

दीड वर्षात हे कोणी विचारलं नव्हतं. सरांनीसुद्धा नाही. सगळ्यांसाठी ती "मिस्त्रींची मिसेस" होती.

मी म्हटलं, "कशाला पाहिजे?"

"आमच्याकडे गाऱ्हाण्याच्या शेवटी घरापासून दूर जे गेले त्यांची नावे घेतात. माझी आई घेते, आता मी घेतो. जहाजावर वारले त्यांच्यापासून सुरू आहे. आज संध्याकाळी मी काकूंचे घेईन. आपली हरकत नसेल तर."

"ती दूर नाही गेली. ती घरात मेली."

"तुम्ही दूर होतात," तो म्हणाला.

त्याच्या तोंडात मारावं असं वाटलं आणि त्याच वेळी खाली बसावंसं वाटलं. मी कठड्यावर बसलो. मग त्याला नाव सांगितलं. मी तांदळात लिहिलेलं नाही, आईबापाने ठेवलेलं. ते माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. लग्न झाल्यापासून एकदाही नाही. त्याने ते दोनदा म्हणून बघितलं, बरोबर म्हणतोय ना असं माझ्याकडे बघत. पुस्तकी उच्चार, पण बरोबर.

हा आता तिला त्या हाकांच्या मागे उभी करणार. तिच्या गावाच्या हाकांच्या मागे, आणि त्याला ते माहीतही नाही. आणि मी त्याला दक्षिणेकडे पाठवतोय, बारा दिवस, परक्या गावात, परक्या देवीच्या तोंडाकडे बघायला. म्हातारीला तो चुकीचं तोंड सांगणार.

"तिकीट काढलंस?" मी विचारलं. मी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं.

"हो. पुढच्या बुधवारी."

"दक्षिणेला जाऊ नको."

तो माझ्याकडे वळला.

"मी खोटं सांगितलं. तुझं गाव कुठलं ते तू गाऱ्हाणं घातलंस त्या दिवशीच मला कळलं. खाडीवरचीला आधी हाक मारणारं एकच गाव आहे. ते माझ्या बायकोचं माहेर."

त्याच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं नाही, मी जमिनीकडे बघत होतो. आत पोरं समूहगीत म्हणत होती, अर्धी बेसूर.

"का?" एवढंच विचारलं त्याने.

"तुझ्या दारात चपलांचे दोन जोड असतात म्हणून."

त्याला कळलं की नाही माहीत नाही. तो रागावला, हे मात्र मला कळलं, कारण तो फ्रेंचसारखं काहीतरी पुटपुटला आणि झाडाला एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "काका, माझी आई ऐंशी वर्षांची आहे." मी म्हटलं, "माहीत आहे." तो म्हणाला, "ते माहीत असूनही?" मी म्हटलं, "माहीत असूनही."

सोमवारी कामावरून येताना मी प्लायवूडचा एक तुकडा आणला, वहीएवढा. मॉरिशसवाल्याला कागदावरचा नकाशा दिला तर कागद हरवेल. सुताराच्या पेन्सिलीने रस्ता काढला. महामार्गावर कुठल्या फाट्याला उतरायचं. तिथून रिक्षावाल्याला गावाचं नाव नाही सांगायचं, तो दुसरीकडे नेईल, तरीचं, म्हणजे होडीच्या धक्क्याचं, नाव सांगायचं. तरीने पलीकडे. धक्क्यावरून डावीकडे काजूच्या बागेतून चढण, मग देवळाची कौलं दिसतात. खाडीवरचीचं देऊळ छोटं आहे, पुढे पायऱ्या तीन, तिसरी फुटकी. तिच्या तोंडावर पितळेचा मुखवटा असतो, उत्सवात चढवतात. एरवी नुसता दगड. हे त्याला आधीच सांगितलं, म्हणजे म्हातारीला सांगताना गोंधळ नको. ओटी भरायला खण कुठून घ्यायचा तेही सांगितलं.

तो आणि त्याची बायको, दोघं टेबलावर वाकून बघत होते. ती म्हणाली, "काका, तुमच्या सासरचं घर यात कुठे आहे?" तिने हे सगळं मराठीत विचारलं. जुळवून आणलं असणार.

"ते काढलेलं नाही."

"का?"

"विचारा तिथे जाऊन. कोणीही दाखवेल. पण मी नाही सांगणार. तेवढं मी ठेवतो."

मॉरिशसवाल्याने बायकोकडे बघितलं. मग फळी उचलून पिशवीत ठेवली. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नव्हता आणि त्या दिवशीही फार बोलला नाही. मी त्याच्या जागी असतो तर फळीसुद्धा घेतली नसती.

गेल्या रविवारी मी बुसैतीनला एका घरी होतो, दाराचा अडसर बसवत होतो. फोन वाजला. त्याचा व्हिडिओ कॉल. मी घेतला नाही. हात मळलेले होते, असं म्हणता येईल. पुन्हा वाजला. तेव्हा घेतला.

पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग त्याचं कपाळ, मग माझा थोरला मेहुणा. म्हातारा झालाय. दात गेलेत. त्याने मॉरिशसवाल्याच्या खांद्यावर हात टाकला होता. माझ्या खांद्यावर कधी टाकला नव्हता.

"भावोजी! अहो, हा आपलाच निघाला!" तो ओरडत होता, फोनमध्ये ओरडावं लागतं असं त्याला वाटतं. "गाऱ्हाणं घातलंन त्याने देवळात! आमच्या पोरांना येत नाही, ह्याला येतं! आणि शेवटी आमच्या ताईचं नाव घेतलंन. माहेरचं. तुम्ही सांगितलंत काय?"

"हो."

"आम्ही सगळी रडलो."

"बरं केलंत."

"तुम्ही कधी येताय?"

घरमालकीण दारात येऊन उभी होती, अडसर अजून लोंबत होता. मी म्हटलं, "बघू, रजा मिळाली तर."

मेहुणा बाजूला झाला आणि मागे त्यांची ओटी दिसली. केळीच्या पानांची पंगत मांडली होती. मॉरिशसवाल्याची बायको, डोक्यावर पदर घेऊन, वाढायला वाकली होती आणि कोणीतरी तिला "अगं बस, तू पाहुणी" म्हणत होतं. ती बसत नव्हती.

"काका, आईला फोन केला," मॉरिशसवाला म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी तिला सांगितले. दगड आहे, आणि दगडाला शेंदूर आहे. तिने मला तेच पुन्हा सांगायला लावले."

"बरं झालं," मी म्हटलं. "जेव आता. अन्न गार होईल."

त्याने फोन बंद केला. पानात काय वाढलं होतं ते मला नीट दिसलं नव्हतं. भात होता, आणि काहीतरी पिवळं. मी विचारायला हवं होतं. दाराचा अडसर बसवताना मी तेच धरून बसलो होतो, ते पिवळं काय असेल, आणि ते माझ्या बायकोच्या आईच्या हातचं असायचं तसं असेल की नाही, आणि त्या माणसाला चव कळली असेल का.